घट, वात आणि कुंडी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला महाराष्ट्रातील असंख्य घरांत देवापुढे घट बसतो. पत्रावळीवर किंवा वेताच्या परडीत शेतातली माती पसरतात, तिच्यात गहू, जव, ज्वारी, मूग अशी धान्ये पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. दसऱ्याच्या दिवशी त्या घटाभोवती फिकट पिवळ्या अंकुरांचा दाट तुरा उभा राहिलेला असतो, आणि तो टोपीत किंवा कानावर खोवून मंडळी सोने लुटायला निघतात. नऊ दिवस त्या बियांना पाणी कोण पाजतो? घरातली गृहिणी सकाळी चार थेंब शिंपडते, हे खरे. परंतु बराचसा ओलावा घटातूनच झिरपलेला असतो. भाजलेल्या मातीच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. बाहेरची माती कोरडी पडू लागली की ती घटातले पाणी त्या छिद्रांवाटे ओढून घेते. अलीकडे पुष्कळ घरांत मातीच्या घटाऐवजी तांब्याचा कलश ठेवण्याची पद्धत पडली आहे. तेथे माती रोज शिंपावी लागते, आणि एखाद्या दिवशी विसर पडला तर कडेचे अंकुर माना टाकतात. तांब्याच्या अंगाला छिद्रे नाहीत, एवढेच त्याचे कारण.

शहरांतील रोपवाटिकांत आणि मोठ्या दुकानांत आज ‘सेल्फ वॉटरिंग’ या नावाने ज्या कुंड्या विकल्या जातात, त्यांचे मूळ तत्त्व या घटाहून फार वेगळे नाही. मराठीत त्यांना स्वयंसिंचित कुंडी म्हणता येईल. नाव मात्र थोडे फसवे आहे. ऐकणाऱ्याला वाटते, ही कुंडी झाडाला आपण होऊन पाणी घालते. वस्तुतः पाणी माणसालाच भरावे लागते. फरक एवढाच की, किती घ्यायचे आणि केव्हा घ्यायचे हे ठरविण्याचा अधिकार माणसाच्या हातून निघून झाडाच्या मुळांकडे जातो. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. पण घरात वाढणाऱ्या झाडांचे जगणे आणि मरणे बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

दिल्लीच्या सरकारी वसाहतीत, इंदूरच्या जुन्या वाड्यात किंवा बंगळूरच्या चौथ्या मजल्यावर राहणारे मराठी कुटुंब मे महिन्यात मुलाबाळांसह गावी निघते, तेव्हा शेजाऱ्यांच्या हाती घराच्या किल्लीबरोबर झाडांची जबाबदारीही सोपविते. महिन्याने परत यावे तो निम्मी झाडे गेलेली. बिचाऱ्या शेजाऱ्याने पाणी घातले नसेल, असा तर्क लगेच बांधला जातो. पुष्कळदा खरा प्रकार नेमका उलटा असतो. शेजाऱ्याने नेमाने, प्रामाणिकपणे रोज तांब्याभर पाणी घातलेले असते, आणि झाड त्या प्रामाणिकपणानेच मेलेले असते. घरातील शोभेची झाडे तहानेने मरतात त्यापेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात, हा जुन्या माळ्यांचा अनुभव आहे, आणि वनस्पतिशास्त्र त्याला दुजोरा देते.

याचे कारण असे की, मुळे जशी पाणी पितात तशी ती श्वासही घेतात. पानांप्रमाणे त्यांना सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करता येत नाही. तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतील हवेतूनच घ्यावा लागतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आपल्याकडच्या साधारण हवामानात, म्हणजे २५ अंश तापमानाला, एक लिटर पाण्यात तो फार तर ८ मिलिग्रॅम विरघळतो. शिवाय पाण्यातून प्राणवायू जितक्या संथपणे पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट वेगाने तो हवेतून पसरतो. तेव्हा मातीतील सगळ्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की त्यात असलेला थोडासा प्राणवायू मुळे लवकरच संपवितात आणि नवा येण्याची वाट जवळजवळ बंद झालेली असते. मुळे गुदमरू लागतात. गुदमरलेली मुळे कुजविणाऱ्या बुरशींना सहज बळी पडतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. पाण्यात बुडालेले झाड अशा रीतीने तहानेने मान टाकते.

या ठिकाणी माणूस हमखास चुकतो. झाड मलूल दिसले की त्याला पाणी हवे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून मलूल झाडाला आणखी पाणी मिळते, ते आणखी मलूल होते, आणि अखेर माती उपसून पाहावी तो मुळांचा तपकिरी, दुर्गंधी येणारा चिखल हाती लागतो. मातीत बोट पेराएवढे खुपसून पाहण्याचा साधा उपाय केला असता तर पुष्कळ झाडे वाचली असती. बोट ओले निघाले आणि झाड तरीही मलूल असेल, तर पाण्याचे भांडे खाली ठेवावे, हे उत्तम.

मग रोज थोडे, किंवा दर सोमवारी आणि गुरुवारी अमुक इतके, असा नेम का करू नये? कारण झाडाची तहान पंचांगाप्रमाणे चालत नाही. इंग्लंडमधील टेडिंग्टन या गावच्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने ही गोष्ट तराजूत तोलून पाहिली. त्याने एका कुंडीतील साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड घेतले, कुंडीचे तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केले, म्हणजे मातीतून वाफ होऊन जाणारे पाणी वगळले जाईल, आणि १७२४ च्या उन्हाळ्यात तो ते झाड सकाळ-संध्याकाळ तोलत राहिला. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी सव्वा पौंड पाणी पानांवाटे हवेत सोडीत होते. कडक उन्हाच्या कोरड्या दिवशी हा आकडा पावणेदोन पौंडांच्याही वर गेला, आणि रात्री तर तो नगण्य झाला. हेल्सने ही मोजमापे १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पिण्याचे हे प्रमाण ऊन, वारा, हवेतील दमटपणा आणि पानांचा पसारा यांवर ठरते. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीशी ठेवलेले झाड आणि मुंबईच्या श्रावणात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेले तेच झाड यांच्या तहानेत कैक पटींचे अंतर पडते. नेमाने घातलेले पाणी एका ठिकाणी अपुरे आणि दुसऱ्या ठिकाणी विषवत ठरते, ते यामुळे.

वैशाखात तुळशीवर गळती बांधण्याची आपल्याकडे रीत आहे. बुडाला छिद्र पाडून त्यात दोरा वा कापडाची चिंधी ओवलेले मडके तुळशीवर टांगतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहते. कल्पना सुरेख आहे, श्रद्धाही सुंदर आहे. परंतु ही गळती आंधळी आहे. वळवाचा पाऊस पडून वृंदावनाची माती भिजली तरी ती ठिबकतच राहते. जमिनीत पुरलेल्या मडक्याचे तसे नाही. भोवतालची माती कोरडी असेल तोवर ते झिरपते. माती ओली झाली की आपोआप आखडते. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शेंग-ची याने लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात ही युक्ती नोंदविलेली आढळते: मडके तोंडापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे आणि सभोवार खरबुजाच्या जातीच्या वेलांचे बी लावावे. आपल्याकडे कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात या पद्धतीचे शास्त्रीय प्रयोग झाले, आणि पाण्याची टंचाई असलेल्या जमिनीत वेलभाज्या पिकविण्यास ती उपयोगी असल्याचे दिसून आले. गळती आणि पुरलेला घट यांतला हा भेद ध्यानी घेतला म्हणजे चांगली स्वयंसिंचित कुंडी कोणती, हे ओळखणे सोपे जाते. जी वरून मोजून थेंब टाकते ती गळतीची बहीण. जी मुळांना मागितल्यावर देते ती घटाची.

मागितल्यावर देणे हे घडते कसे, याचे उत्तर देवघरातल्या समईत सापडते. समईतले तेल खाली असते, ज्योत वर असते, आणि मधली कापसाची वात कोणी ढकलल्यावाचून तेल वर चढविते. ज्योतीने जितके तेल जाळले तितकेच नवे वर येते. ज्योत मंद असली की तेलही मंद चढते. वातीच्या तंतूंमधल्या बारीक फटींच्या भिंतींना द्रव चिकटतो आणि पृष्ठताणामुळे वर ओढला जातो. या आकर्षणाला केशाकर्षण म्हणतात, कारण केसासारख्या बारीक नळीत ते ठळकपणे दिसते. जेम्स जुरिन या इंग्रज वैद्याने १७१८ साली त्याचा नियम मांडला: नळी जितकी बारीक तितके पाणी उंच. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. नळी त्याच्या दशांश करावी तर ३० सेंटिमीटर. कुंडीतील मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या. तळाशी पाणी असेल तर ते त्यांतून वर चढते. वरची माती मुळांनी कोरडी केली की आणखी चढते.

झाड स्वतः देखील एक वातच आहे, असे म्हणण्याचा मोह येथे होतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. मात्र उंच वृक्षाच्या शेंड्यापर्यंत पाणी नेण्यास नुसते केशाकर्षण पुरत नाही. पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीने जलवाहिन्यांतील पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो, हा सिद्धांत डब्लिन येथील डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये मांडला आणि तोच आज सर्वमान्य आहे. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी जिवंत पेशींच्या स्पंदनांनी रस वर ढकलला जातो असे प्रतिपादन केले होते. त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते मत स्वीकारले नाही. परंतु झाडाला जड नळी न मानता जिवंत प्राणी मानण्याची जी दृष्टी त्यामागे होती, ती कुंड्या सांभाळणाऱ्याने जवळ बाळगण्यासारखी आहे.

आता प्रत्यक्ष कुंडीकडे वळू. तिचे दोन मजले असतात. वरच्या मजल्यात माती आणि झाड. खालच्यात पाण्याचा कप्पा. मध्ये छिद्रे असलेला तक्ता. या तक्त्यातून मातीने भरलेला एखादा पोकळ पाय, किंवा एकदोन वाती, खालच्या पाण्यात उतरलेल्या असतात. कडेने एक नळी वर आलेली असते, तिच्यातून पाणी भरायचे. आणि तक्त्याच्या थोडे खाली, बाहेरच्या भिंतीला एक छिद्र असते. धरणाला जसा सांडवा असतो तसे हे छिद्र आहे. पाणी त्याच्यावर चढू लागले की बाहेर वाहून जाते. त्यामुळे पाणी आणि तक्ता यांमध्ये नेहमी बोटभर हवेचा थर शिल्लक राहतो, आणि तळातल्या मुळांना तेथून प्राणवायू मिळतो. सगळ्या रचनेत हे छिद्र अगदी क्षुद्र दिसते. जमिनीवर पाणी सांडते म्हणून काही लोक त्यात बूच मारतात. काही स्वस्त कुंड्यांत ते ठेवलेलेच नसते. ज्या कुंडीला सांडवा नाही ती कितीही देखणी असली तरी विकत घेऊ नये. ती कुंडी नव्हे, बादली होय.

साध्या कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा खडी घालण्याची जुनी चाल आहे. त्याने पाण्याचा निचरा होतो अशी समजूत असते, आणि ती समजूत बरीचशी चुकीची आहे. हे पटवून घ्यायचे असेल तर भांडी घासायचा एक लांबट चौकोनी स्पंज घ्यावा, पाण्यात पूर्ण भिजवावा आणि तळहातावर आडवा धरावा. ठिबकायचे तेवढे पाणी ठिबकून थांबेल. मग तोच स्पंज न दाबता उभा करावा. आणखी पाणी वाहू लागेल. स्पंजाच्या तळाशी ठराविक उंचीचा थर पाण्याने गच्च भरलेला राहतो. आडव्या स्पंजाची उंचीच थोडी, म्हणून तो जवळजवळ सगळाच गच्च असतो. उभा केला की गच्च थर तळापुरता उरतो आणि वरचा भाग मोकळा होतो. कुंडीतल्या मातीचेही असेच असते. बारीक मातीतून पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या डोक्यावर अडून बसते. खडी घातल्याने गच्च थर नाहीसा होत नाही. तो मुळांच्या अधिक जवळ येतो. उथळ कुंडी खोल कुंडीपेक्षा अधिक ओली राहते, तीही याच कारणाने. स्वयंसिंचित कुंडीत पाणी तळाला सतत हजर असल्यामुळे या गच्च थराची उंची किती, यावर सारा खेळ अवलंबून असतो, आणि ती उंची ठरविणारी गोष्ट म्हणजे मातीचे मिश्रण.

येथे दख्खनच्या काळ्या मातीचा अभिमान बाजूला ठेवावा लागतो. कापूस आणि ज्वारी पिकविणारी ही माती कुंडीत मात्र घातक ठरते. तिचे कण अत्यंत सूक्ष्म. ओली झाली की फुगून चिखल होते, वाळली की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाण्याची वर चढणारी साखळी तुटते. नदीकाठचा निव्वळ गाळही तसाच दाबून बसतो. याउलट नुसती जाड वाळू पाणी वर चढवीतच नाही. हवे असते ते दोहोंच्या मधले. आज बहुतेक ठिकाणी या कामासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरतात, बाजारात त्याला कोकोपीट म्हणतात. केरळात काथ्याच्या कारखान्यांभोवती या भुशाचे ढीग एकेकाळी निरुपयोगी म्हणून पडून राहात. आता त्याच्या दाबून केलेल्या विटा परदेशी जातात. तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि तरीही त्याच्या पोटात हवेला जागा राहते. दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे, लाकडी कोळशाचे खडे किंवा पर्लाइट हे मिश्रण बहुतेक झाडांना मानवते. कोकोपीट आधी दोनतीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण त्यात पुष्कळदा क्षार असतात. मिश्रण हलक्या हाताने भरावे. पायात, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या भागात मात्र जरा दाबून भरावे, तेथे पोकळी राहिली तर वात तुटलीच. कुंडीची उंचीही बेताची असावी. पाण्यापासून वीतभर उंचीपलीकडे पुरेसा ओलावा पोचेलच, असा भरवसा धरता येत नाही.

दुकानातील कुंडी परवडत नसेल किंवा आधी प्रयोग करून पाहायचा असेल, तर प्लास्टिकची बाटली मधोमध कापून वरचा अर्धा भाग तोंड खाली करून खालच्या अर्ध्यात बसवावा. बुचाला छिद्र पाडून त्यातून वात ओवावी. तिचे एक टोक मातीत वरपर्यंत आणि दुसरे पाण्यात. खालच्या अर्ध्यात पाणी बुचापर्यंत न पोचेल इतकेच ठेवावे, आणि त्या पातळीला कडेने सांडव्याचे छिद्र पाडावे. वातीला जुन्या सुती लुगड्याची पट्टी चालते. पण सूत काही महिन्यांत कुजते. नायलॉनची दोरी किंवा कृत्रिम लोकर अधिक टिकते. बाटली पारदर्शक असेल तर तिला बाहेरून कागद गुंडाळावा, नाहीतर उजेडाने पाण्यात शेवाळ धरते. कुंडी घरची असो वा दुकानची, झाड लावल्यावर पहिले दोनतीन आठवडे पाणी वरूनच घालावे. मुळे खाली उतरलेली नसतात, आणि कोरडे कोकोपीट तर पाणी शोषण्यास प्रथम चक्क नकार देते. एकदा वरपासून खालपर्यंत सगळे ओले झाले म्हणजे मग वातीचे काम सुरू होते.

कोणतीही कुंडी प्रत्येक झाडाला मानवत नाही. पीस लिली, नेचे, पुदिना, अळू यांना सदैव दमट माती आवडते. ती येथे सुखाने वाढतात. टांझानियाच्या डोंगरांतून आलेल्या आफ्रिकन व्हायोलेटच्या केसाळ पानांवर गार पाणी पडले की डाग उमटतात, म्हणून त्याला वातीने पाणी पाजण्याची पद्धत शौकिनांत रूढ झाली. निवडुंग, कोरफड, स्नेक प्लांट ही मात्र कोरड्या देशांची लेकरे. दोन पाण्यांच्या मध्ये त्यांची मुळे वाळावी लागतात. त्यांना स्वयंसिंचित कुंडीत लावणे म्हणजे मायेने मारणे होय. तुळस मधल्या पंक्तीत बसते. तिला ओलावा हवा, पण पाय सतत ओले नकोत. तिच्यासाठी कप्पा रिकामा झाल्यावर तीनचार दिवस थांबून मग भरावा. खरे तर असे थोडे थांबणे बहुतेक झाडांच्या हिताचे असते, कारण पाणी उतरते तशी त्याच्या जागी हवा आत येते.

येथे एखादा श्रोता विचारील की, मनी प्लांट तर नुसत्या बाटलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षे जगतो, त्याची मुळे का गुदमरत नाहीत? पाण्यातच फुटलेली मुळे निराळ्या घडणीची असतात. त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या तयार होतात आणि देठाकडून हवा खाली पोचते. भातासारख्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या पिकातही हीच सोय असते. मातीत वाढलेल्या मुळांना ती सवय नसते. म्हणून मातीतला मनी प्लांट एकाएकी पाण्यात बुडवला तर त्याची जुनी मुळे कुजतात. तो नवी मुळे काढू शकला तरच तगतो.

साध्या कुंडीत वरून घातलेले जास्तीचे पाणी खाली वाहून जाताना मातीतले क्षारही धुऊन नेते. स्वयंसिंचित कुंडीत पाणी केवळ वर चढते आणि उडून जाते. क्षार मागे राहतात. काही महिन्यांनी मातीवर पांढरी खरपुडी दिसते आणि पानांची टोके करपू लागतात. ती दिसली की वरची बोटभर माती काढून टाकावी, आणि दर दोनतीन महिन्यांनी कुंडी मोरीत नेऊन वरून भरपूर पाणी ओतून सगळे धुऊन काढावे. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्यांनी हे अधिक वेळा करावे. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते ते झाडांना घालण्याची काटकसर पुष्कळ घरांत दिसते. हेतू चांगला, परंतु त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे. या कुंड्यांना कदापि घालू नये. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र क्षारांच्या दृष्टीने निर्धोक असते. खत मातीत मिसळावे. शेणकाला किंवा ताकपाणी कप्प्यात ओतले तर ते तेथे आंबते आणि घरभर त्याची वर्दी जाते.

याहून गंभीर गोष्ट डासांची आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले स्वच्छ, साचलेले पाणी लागते. फुलदाण्या, कूलर, कुंड्यांखालच्या बशा ही त्याची आवडती ठिकाणे. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, सर्व भांडी रिकामी करावीत, असे नगरपालिका आणि आरोग्य खाते सांगत असतात. स्वयंसिंचित कुंडीचा तर सारा गुण असा की तिच्यात पंधरा पंधरा दिवस पाणी साठून राहते. हा विरोध खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यावर इलाज एकच, डासाला आत जाण्याची वाटच ठेवू नये. भरण्याच्या नळीला घट्ट बूच असावे. सांडव्याच्या छिद्रावर बारीक जाळी किंवा नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून बसवावा. तक्ता आणि कुंडी यांमध्ये फट असेल तर ती बुजवावी. ज्या कुंडीचा कप्पा उघडा आहे ती दर आठवड्याला रिकामी करून आतून घासावी. नुसती वाळवून भागत नाही, कारण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी भरताच ती उघडतात.

मे महिन्यात गावी निघण्याच्या दोन आठवडे आधी कप्पा काठोकाठ भरावा आणि तो किती दिवसांत रिकामा होतो ते पाहावे. समजा, त्यात दोन लिटर पाणी मावते आणि झाड रोज शंभर मिलिलिटर पिते, तर वीस दिवसांची सोय झाली. प्रवास तीस दिवसांचा असेल तर झाडाची तहान कमी करावी लागेल. कुंडी खिडकीपासून दूर, पण अंधारात नव्हे, अशी सरकवावी. पंख्याच्या वाऱ्याखालून काढावी. वाळकी आणि फाजील पाने छाटावीत. दोनचार कुंड्या जवळ जवळ ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्याभोवतीची हवा दमट राहील. जाळ्या आणि बुचे निघण्याच्या दिवशी पुन्हा तपासावीत. शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी, पण झाडांना पाणी घालू नका, असे आवर्जून सांगावे. अगदीच राहवले नाही तर पंधराव्या दिवशी नळीतून एकदा कप्पा भरावा, मातीवर ओतू नये. परत आल्यावर कप्पा कोरडा आणि वरची माती सुकलेली आढळली, तर घाईने कप्पा भरून उपयोग नाही, कारण मधली साखळी तुटलेली असते. आधी वरून सावकाश, दोनतीन वेळा थांबत थांबत पाणी घालावे, सांडव्यातून ते वाहू लागेपर्यंत. मग कप्पा भरावा आणि झाड दोन दिवस सावलीत राहू द्यावे.